ओकेकाका आणि होल्डवरचं बदक

ओकेकाकांच्या शर्टाच्या खिशात एक पेन आणि स्टिकरच्या तीन गुंडाळ्या कायम असत. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे होल्ड आणि लाल म्हणजे रिजेक्ट. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तयार होत, तिथे ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कारखाना दुपारी साडेतीनला सुटे, पण काकांमधला इन्स्पेक्टर काही सुटत नसे. जवळच्याच नोव्हाय गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीला एकदा आम्ही बायकांनी आपापले पदार्थ करून आणले होते, तर हा गृहस्थ हातात प्लेट न घेता नुसता चमचा घेऊन टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. सुलभामावशींच्या श्रीखंडाला त्यांनी पिवळा स्टिकर लावला. "होल्ड," ते म्हणाले. "वेलची जास्त आहे. पुऱ्या आल्या की परत तपासू." सुलभामावशी म्हणजे आमच्या मंडळाच्या सर्वेसर्वा. त्या काकांशी चार महिने बोलल्या नाहीत. ज्या बाईच्या डाळ-वांग्याला हिरवा स्टिकर मिळाला, तिनं तो अलगद सोडवून घरी नेला आणि फ्रीजवर लावला. हे मला पक्कं माहीत आहे, कारण ती बाई मी.

त्यांचं खरं नाव मंडळाच्या डिरेक्टरीत छापलेलं होतं, पण ते वाचून कुणाला चेहरा आठवला असता असं मला वाटत नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात उमेदवारी करून ते ऐंशीच्या दशकात मिशिगनला आले. बरोबर कुमुदकाकू आणि दोन बॅगा. पुढे काय झालं कुणास ठाऊक, पण माणूस पक्ष्यांच्या नादी लागला आणि मग पक्ष्यांनाही इन्स्पेक्शन चुकलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती दोन हजार चारच्या जानेवारीत. लग्न करून मी नागपूरहून नोव्हायला आले होते. नवरा, प्रसाद, सकाळी सातला गाडी घेऊन जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला लोंबकळणारा, म्हणजे नोकरी करायची नाही. गाडी चालवता येत नव्हती आणि चालत जावं तर बाहेर गुडघाभर बर्फ. मी खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायचे. तीन आठवड्यांत मला आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ झाले होते. आईला फोनवर सांगायचे, "मस्त चाललंय!" आणि फोन ठेवून भांडी परत घासायचे.

एका दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. दारात माकडटोपी, तिच्यावर कानपट्ट्या, गळ्यात दुर्बीण आणि बगलेत जाडजूड वही अशा थाटात एक गृहस्थ उभे.

"एक सही हवी होती," ते म्हणाले.

मला वाटलं, कुरियरवाला मराठी निघाला. मी विचारलं, "कशावर?"

"बदकावर. म्हणजे बदक नाही, गूज. कॅनडा गूज. खाली तळ्यावर आहे. मी पाहिलाय, पण एका माणसाच्या सहीवर नोंद होत नाही. तू मुग्धा ना? प्रसादची? चल, उडून जाईल."

मी प्रसादचं जॅकेट अडकवून त्यांच्या मागून खाली उतरले. बिल्डिंगमागच्या तळ्यावर निदान चाळीस गूज उभे होते. मिशिगनमध्ये हा पक्षी दिसला नाही तर वर्तमानपत्रात बातमी येईल. त्यांच्या विष्ठेवरून घसरून मी आदल्याच आठवड्यात पडले होते. "यातला कुठला?" मी विचारलं. काका म्हणाले, "कुठलाही चालेल, पण नीट बघ. मान काळी, गालावर पांढरा पट्टा. आहे? खात्री?" मी खात्री दिली, वहीत सही केली. बोटं इतकी गारठली होती की सही माझी मलाच ओळखू येईना. काकांनी पानावर हिरवा स्टिकर लावला आणि म्हणाले, "आठवड्यातून दोनदा लागेल. मंगळवारी दुपारी चार, शनिवारी सकाळी नऊ. आतून थर्मल घाल." विचारायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

वहीत रकाने आखलेले होते. तारीख, ठिकाण, पक्षी, तपासणारा, पडताळणारा. जगातले बाकीचे पक्षी बघणारे लोक पक्षी बघतात आणि लिहितात. काकांचं तसं नव्हतं. "आमच्या प्लांटमध्ये एका माणसाच्या सहीवर ब्रेकचं साधं पॅड बाहेर जात नाही," ते म्हणत. "मग एका माणसाच्या सहीवर अख्खा पक्षी कसा जाईल?" दोघांनी, एकाच वेळी, तोच पक्षी पाहिला तरच तो ओके. नाहीतर मोर समोर येऊन नाचला तरी तो त्यांच्या हिशेबी आलाच नव्हता. आणि एकदा ओके झालेला पक्षी परत तपासायचा नाही.

माझ्या आधीपासूनच्या कायमच्या पडताळणाऱ्या म्हणजे कुमुदकाकू. काकू गोऱ्या, ठेंगण्या आणि कमालीच्या व्यवहारी. त्या प्रत्येक मोहिमेला येत, गाडीत बसत, थर्मासमधला चहा पीत आणि विणकाम करत. काकांनी हाक मारली की काच खाली करून दुर्बीण डोळ्यांना लावत, आणि मोजून पाच सेकंदांनी म्हणत, "अगंबाई, किती गोड! कुठे करू सही?" ॲन आर्बरजवळ नदीकाठी एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुर्बिणीची दोन्ही झाकणं जागच्या जागी घट्ट बसलेली आहेत. मी हळूच म्हटलं, "काकू, झाकण."

"माहितेय," काकू म्हणाल्या. "काढलं की डोळ्यात वारं जातं."

मी काकांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अख्खी वही रिजेक्ट झाली असती आणि लाल स्टिकरची गुंडाळी पुरली नसती.

काकांची शिकवणी मात्र चोख होती. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, प्रसादनं नाही. प्रसाद पहिल्या वळणाला ओरडायचा. काका ओरडत नसत, ते मध्येच शांतपणे "डावीकडे ससाणा" म्हणत आणि आपण डावीकडे बघितलं की गाडीही डावीकडे जाई. मग म्हणत, "ससाणा ओके. लेन नॉट ओके." पहिल्या प्रयत्नात मी टेस्टमध्ये नापास झाले, कारण मी लाल सिग्नलला थांबून परीक्षकाला तारेवरचा किंगफिशर दाखवला आणि सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही. काकांनी मुद्द्याचं तेवढं विचारलं, "त्यानं सही केली का?"

अशा या वहीत एकसष्टाव्या पानावर एक नोंद पेन्सिलीनं केलेली होती. तिच्यावर पिवळा स्टिकर होता, कड उठलेला आणि विटलेला. काका कारखान्याच्या कामाला टेक्सासच्या पार दक्षिणेला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या एका डबक्यात त्यांना मास्क्ड डक दिसलं. तोंडाला काळा मुखवटा घातल्यासारखं दिसणारं हे छोटं बदक आयुष्य गवतात लपून काढतं आणि चाहूल लागली की बुडी मारून नाहीसं होतं. काकांना ते अर्धा मिनिट दिसलं. शेजारी कुणी नव्हतं. काकू नोव्हायला, घरी. काका धावत गेटवर गेले आणि तिथल्या गार्डला सही मागितली. तो म्हणाला, "सर, मी कुठलंही बदक पाहिलेलं नाही." काकांना त्याचा राग आला नाही, उलट त्याच्याबद्दल आदरच वाटला. पण तेव्हापासून ते बदक होल्डवर होतं, नऊ वर्षं. "एवढं एक क्लिअर झालं की मी सुटलो," असं ते म्हणत आणि पिवळ्या स्टिकरची उठलेली कड अंगठ्यानं दाबून बसवत. एरवी गंमत करणाऱ्या त्या माणसाचा चेहरा तेवढ्यापुरता फार एकटा दिसे.

दोन हजार सातच्या वसंतात सुलभामावशींनी क्रूझचा घाट घातला. मायामीहून जहाज, सात दिवस, कॅरिबियनमधली चार बेटं, आपले चौदा जण. काका नाहीच म्हणत होते. मग त्यांनी नकाशा बघितला, पक्ष्यांचं पुस्तक बघितलं, परत नकाशा बघितला आणि सुलभामावशींना फोन करून म्हणाले, "दुसऱ्या बेटावरची एक्सकर्शन माझ्याकडे." मावशींना वाटलं, श्रीखंडाचं पाप फेडतोय बिचारा. त्यांनी आनंदानं होकार दिला.

पुढचे चार महिने काका त्या एका दिवसाच्या मागे होते. बेटाच्या पर्यटन खात्याला त्यांनी पत्र लिहिलं, तर त्यांनी दोरीवर लोंबकळत दरी ओलांडायच्या खेळाची पत्रकं पाठवली. मग इंटरनेटवर हुडकता हुडकता त्यांना तिथल्या एका निवृत्त शाळामास्तरांचा पत्ता मिळाला. मास्तर स्वतः पक्षीवेडे. त्यांनी उत्तर लिहिलं की ते बदक बघायचं असेल तर बेटावर एकच जागा, पॉन्ड्स. सकाळी लवकर जा आणि टोपी न्या. व्हॅनवाल्याचा नंबरही दिला. काकांनी आम्हाला सगळी माहिती दिली आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "मोठमोठी तळी आहेत. सरकारी जागा, प्रवेश फुकट. गर्दी अजिबात नसते." सुलभामावशींनी कमळं गृहीत धरली.

जहाजावर मावशींना शेवटची शंका आली, म्हणून त्या काकांना एक्सकर्शनच्या काउंटरवर घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. तिथल्या हसऱ्या मुलीनं वाइल्डलाइफ टूरचं चकचकीत पत्रक पुढे केलं.

"हाउ मेनी स्पीशीज?" काकांनी विचारलं.

मुलगी गोंधळली. "सर, देअर इज अ पॅरट. हिज नेम इज कॅप्टन. ही सिट्स ऑन युअर शोल्डर अँड यू गेट अ फोटो."

"इज ही वाइल्ड?"

"ओह नो सर! ही इज व्हेरी फ्रेंडली."

काकांनी खिशातून लाल स्टिकर काढून पत्रकावर लावला, थँक यू म्हटलं आणि वळले. मुलीनं तो स्टिकर निरखून बघितला. बहुधा तिला बक्षीस वाटलं असावं.

बंदरावर व्हॅनवाला डेल्रॉय आमची वाट बघत उभा होता. आडवा, शांत माणूस. आम्ही चौदा जण उतरलो. बायका फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये, पुरुष हाफपँटीत, सुलभामावशींच्या डोक्यावर रुंद हॅट आणि पायात नवे पांढरे सँडल. डेल्रॉयनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काकांना विचारलं, "पॉन्ड्स? ऑल ऑफ यू?" काका अभिमानानं म्हणाले, "ऑल." डेल्रॉयनं खिशातून मोठा रुमाल काढला, व्यवस्थित घडी घालून आपल्या नाकावर बांधला आणि गाडी सुरू केली. आम्हाला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

वास आधी आला, गेट नंतर आलं. गेटवरची पाटी सुलभामावशींनी मोठ्यानं वाचली. बेटावरच्या समस्त शौचालयांचं सांडपाणी शुद्ध करण्याचा तो सरकारी प्रकल्प होता.

व्हॅनमध्ये सगळ्यांचे हात नाकाकडे गेले. मावशींची दहा वर्षांची रिया तेवढी आनंदानं किंचाळली, "मॉम! धिस इज लिटरली पूप!"

"ओकेकाका," सुलभामावशी एकेक शब्द मोजत म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला... इथे... मुद्दाम आणलंत?"

"जगातली उत्तम पक्ष्यांची ठिकाणं हीच असतात!" काका डोळे चमकवत म्हणाले. "पाणी उथळ, किडे भरपूर, माणूस फिरकत नाही. कुणालाही विचारा."

"माणूस का फिरकत नाही ते कळलं हो," मावशी म्हणाल्या. "आणि बदकं तर आमच्या घरामागे फुकट दिसतात! यार प्रसाद, तू तरी बोल की काहीतरी!" मावशी पन्नाशीच्या, पण संतापल्या की त्यांच्या तोंडून यार निघे. प्रसाद नाक दाबून बसला होता, तो काय बोलणार? शेवटी नऊ जण व्हॅनमध्येच काचा लावून बसले. काका, काकू, मी, प्रसाद आणि रिया एवढे पाच जण उतरलो. रियाला तर ते सोडून दुसरं काही बघायचंच नव्हतं.

खरं सांगायचं तर तळी सुंदर होती. काठानं दाट गवत, लांब लाल पायांचे पक्षी, पाण्यावर सकाळचं ऊन. श्वास घ्यायचा नाही एवढंच पथ्य. काका बांधावरून मांजरीच्या पावलांनी चालत होते. तासभर गवताची काडी न् काडी तपासून झाली, पण मुखवटेवालं बदक काही दिसलं नाही. तेवढ्यात तिथला सुपरवायझर आला. पांढरं हेल्मेट, हातात क्लिपबोर्ड. त्यानं आमची नावं लिहून घेतली, सह्या घेतल्या आणि काकांचं हृदय जिंकलं. दोघं बोलायला लागले. टाक्या किती तासांनी तपासता? नोंद कोण ठेवतं? सुपरवायझरला इतक्या वर्षांत हे कुणीही विचारलं नसणार. तो उत्साहानं काकांना ऑफिसच्या ओसरीत घेऊन गेला आणि तपासणीचं रजिस्टरच त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी चष्मा बदलला. मग तिथून त्यांचा आवाज आला, "दुसऱ्या टाकीची सातची सही कुठाय?" हे मराठीत विचारलं होतं, पण सुपरवायझर ओशाळला.

इकडे बांधावर काकूंना भूक लागली होती. जहाजावरून खाणं उतरवायला मनाई होती, तरी त्यांनी काकांच्या नकळत दुर्बिणीच्या पिशवीतून थालीपिठांचा डबा आणला होता, आणि तो डबा आता व्हॅनमध्ये सुलभामावशींच्या ताब्यात होता. मावशी तो उघडतायत की काय हे बघायला काकूंनी दुर्बीण उचलली, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच झाकणं काढली. व्हॅनवर नेम धरता धरता त्या मध्येच थबकल्या.

"अगं मुग्धा," त्या म्हणाल्या, "हे कोण माझ्याकडे टक लावून बघतंय?"

मी त्या बघत होत्या तिकडे बघेपर्यंत गवत हललं आणि पाण्यावर एक गोल वर्तुळ उरलं.

"तोंड काळं ठिक्कर," काकू सांगत होत्या, "चोच निळी, अगदी गडद. आणि अंग बाई गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाचं! शेपटी अशी वर. बुडालं गं."

मी जिवाच्या आकांतानं "काका!" म्हणून ओरडले. काका धावत आले, हातात अजून ते रजिस्टर, आणि रजिस्टर जातंय म्हणून मागून सुपरवायझर. त्यानंतर चाळीस मिनिटं आम्ही सगळे, सुपरवायझरसह, त्या गवताकडे डोळे लावून उभे होतो. शेवटी डेल्रॉयनं हॉर्न वाजवला. जहाज थांबणार नव्हतं. काकांनी दुर्बीण खाली केली, रजिस्टर परत दिलं, सुपरवायझरशी हात मिळवला आणि व्हॅनकडे चालायला लागले. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते दाराशी येऊन गेलं, आणि हे दुसऱ्याच्या वहीतली राहिलेली सही शोधत बसले होते. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

व्हॅन निघाली. आमच्या कपड्यांना वास येत होता, पण सुलभामावशींनीही तोंडातून शब्द काढला नाही. काकू बराच वेळ काकांकडे बघत होत्या.

"अहो, एवढं तोंड पाडून बसू नका," शेवटी त्या म्हणाल्या. "लिहून टाका तुमच्या नावावर. मी करते सही."

"मी पाहिलं नाही, कुमुद."

"मग काय झालं? मी तरी आजवर कुठे काय पाहिलंय?"

बोलल्यावर काकूंच्या लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो. व्हॅनमध्ये इतकी शांतता झाली की मराठीचा गंध नसलेल्या डेल्रॉयनंही वेग कमी केला. मी मनातल्या मनात वहीतली पानं मोजत होते. एकोणीस वर्षं. सगळं बाद.

"झाकण," काका म्हणाले.

"काय?"

"दुर्बिणीचं झाकण. पहिल्या दिवसापासून लावलेलं असतं. मला दिसत नाही होय? मी इन्स्पेक्टर आहे."

"मग सह्या कशाला घेत राहिलात?" काकूंचा आवाज चढला.

काका खिडकीबाहेर बघत होते. "आलो त्या वर्षी तू दोन महिने घराबाहेर पडली नव्हतीस. फिरायला चल म्हटलं की थंडी म्हणायचीस. काम आहे, तुझी सही लागेल, असं म्हटलं, तेव्हा आलीस."

काकूंनी मांडीवरच्या दुर्बिणीचं झाकण चाचपलं. मग म्हणाल्या, "थंडी होतीच की." आणि त्यांनी पदर नसलेल्या ड्रेसला डोळे पुसायला पदर शोधला. सुलभामावशींनी आपला रुमाल पुढे केला.

रियानं मागून विचारलं, "सो ऑल द बर्ड्स आर फेक?"

"बर्ड्स आर जेन्युइन," काका तिच्याकडे वळून म्हणाले. "ओन्ली सिग्नेचर्स आर ऑन होल्ड."

मग त्यांनी वही काढली. हलत्या व्हॅनमध्ये, वळणदार अक्षरात, पेनानं नोंद केली. मास्क्ड डक. तपासणाऱ्याच्या रकान्यात काकूंची सही घेतली. पडताळणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची केली आणि वर हिरवा स्टिकर लावला.

माझ्यातला शिष्य गप्प बसेना. "काका, पण तुम्ही पाहिलं कुठे?"

"गाभुळलेल्या चिंचेचा रंग," काका म्हणाले. "नऊ वर्षं मला त्या रंगाला शब्द सापडला नव्हता. न पाहता असं सांगता येत नाही. ओके म्हणजे ओके."

डबा उघडला तेव्हा कळलं की चार थालीपिठं आधीच गेली होती. सुलभामावशींनी कबूल केलं नाही, पण हॅटवर तीळ होते.

त्यानंतर काकू बिघडल्या. पहाटे उठून दुर्बीण पळवायच्या आणि काका त्यांच्या मागे "अगं, माझी सही!" करत धावायचे. पुढच्या वर्षी कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली आणि काकांना लवकर निवृत्त केलं. ते दोघं मुलाकडे ॲरिझोनात, चँडलरला राहायला गेले. तोवर मला स्वतःचा व्हिसा आणि नोकरी दोन्ही मिळालं होतं. निरोपाच्या दिवशी काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, जॅकेटच्या कॉलरवर हिरवा स्टिकर लावला आणि म्हणाले, "ओके. डिस्पॅच." मी रस्त्यातच भोकाड पसरलं.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. काकूंनी चँडलरहून ती वही मला पोस्टानं पाठवली. मी रात्रंदिवस तिच्यात डोकं घालून बसले नाही, एका रविवारी चहा घेऊन चाळली. एकसष्टाव्या पानावर टेक्सासचं बदक तसंच होतं, पेन्सिलीतलं, पिवळं. मी काकूंना फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, आता माझं बदक खरं आहे, तुमच्या बदकावरही करते सही. नको म्हणाले. म्हणाले, एकट्यानं पाहिलेलं होल्डवरच राहू दे."

पण मी थांबले ते दुसऱ्याच नोंदीपाशी. पहिल्या पानावर पहिली नोंद होती कॅनडा गूजची, काकूंची सही, वरचा स्टिकर हिरवा. पुढे नऊ-दहा पानांनी परत कॅनडा गूज, पडताळणारी कुणी वैशाली. मग परत कॅनडा गूज, शुभांगी. एकदा पास झालेला पक्षी परत तपासायचा नाही हा काकांचा नियम मला पाठ होता. तरी गूज सहा वेळा होता. सगळ्या तारखा जानेवारी-फेब्रुवारीच्या, आणि दर वेळी नवीन बाईची सही. पाचवी सही थंडीनं वाकडी झालेली होती. ती माझी.

आम्ही आता टाउनहाउसमध्ये राहतो. रांगेच्या टोकाच्या घरात डिसेंबरात लातूरची एक मुलगी आली आहे. तिचा नवरा सातला जातो, शनिवारीही. दिवसभर तिच्या खिडकीचा पडदा हलत असतो. शनिवारी मी आतून थर्मल घातलं, कानपट्ट्या लावल्या, वही बगलेत मारली आणि तिचं दार वाजवलं.

"एक सही हवी होती," मी म्हटलं.

तिनं दार अर्धवट धरूनच विचारलं, "कशावर?"

"बदकावर. म्हणजे बदक नाही, गूज. चल, उडून जाईल."

तिनं माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, मागच्या रिकाम्या घराकडे बघितलं.

"थांबा," ती म्हणाली, "स्वेटर घालते."